बेल न वाजवण्याचे नियम

३ नोव्हेंबर
आज सुट्टी. बाबांच्या फोटोसमोर चहा ठेवून तीन संकल्प केले. एक, रोज एक हायकू. दोन, कमी बोलणे. तीन, या गल्लीला खरा जपान म्हणजे काय ते आपल्या वागण्यातून दाखवणे. ब्राझीलमध्ये साव पाउलोत जन्म झाला, तिथेच चोपन्न वर्षं काढली, पण बाबांनी घरात जपान उभा केला होता. सुसंस्कृत माणसाला न बोलता कळतं, असं ते म्हणत. इथे येऊन सात वर्षं झाली आणि माझ्या लक्षात आलंय, की इथल्या लोकांना बोलूनही कळत नाही.

५ नोव्हेंबर
गल्लीची फिरती पाटी आली. पुठ्ठ्याला सूचना अडकवलेल्या असतात, वाचायच्या, आपला शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. अलीकडच्या घरातल्या हारुतांना मी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलंय, की बेल न वाजवता फाटकाला अडकवून जात जा. शांतता मोडू नये. ते आनंदाने ऐकतात.

पलीकडे मात्र सोनोबेआजी. वय चौऱ्याऐंशी, एकट्या. गटप्रमुख उचियामाबाईंचा हुकूम आहे, की त्यांच्या हातातच द्यायची. दिली. चाळीस मिनिटं दारात उभा. गुडघे, कोबीचा भाव, नागोयाचा मुलगा, परत गुडघे. वर मुळ्याचं लोणचं. याला जपान म्हणायचं का?

६ नोव्हेंबर
काल एक गोष्ट लिहिली नाही. फार महत्त्वाची नाही. मी आजींना बाबांनी शिकवल्याप्रमाणे म्हणालो, "आपली प्रकृती क्षेम आहे ना?" तर त्या तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "अगदी माझे आजोबा बोलतायत असं वाटलं हो." दोन पिढ्या जुनी भाषा म्हणे.

मला वाईट वाटलं नाही. शुद्ध गोष्ट हल्लीच्या लोकांना जुनीच वाटणार. लोणचं खाल्लं नाही.

९ नोव्हेंबर
आजींना भिंतीवरून सुचवलं, की मागच्या अंगणात बांबूची पन्हाळ बसवा. पाणी भरलं की कलंडते आणि दगडावर टोक्‌ आवाज होतो. बाबांच्या गावच्या देवळात होती. त्या म्हणाल्या, पाणी साठलं की डास होतात. कुणाला काय सांगणार! हायकू झाला नाही.

१२ नोव्हेंबर
नवी पद्धत. पाटी आजींच्या फाटकाला पिशवीत अडकवली, दाराकडे वळून वाकून नमस्कार केला आणि परत. एकूण वेळ अर्धं मिनिट. मन प्रसन्न. हिला अलिप्तता म्हणतात. हसण्याच्या प्रकाराशी याचा संबंध नाही.

१९ नोव्हेंबर
पुन्हा तसंच. दुपारी आजींनी भिंतीपलीकडून विचारलं, बेल वाजवलीत का, मला झोप लागली होती का? मी काही न बोलता वाकलो. त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या, मग आत गेल्या. कळलं असावं. न बोलता कळलं, म्हणजे माझी शिकवणी लागू पडते आहे.

२६ नोव्हेंबर, सकाळी ९
कडाक्याची थंडी. पाटी अडकवायला गेलो तर आजींच्या घरातून आवाज. टोक्‌. मग शांतता. टोक्‌. बसवली की पन्हाळ! माझं ऐकलं आणि सांगितलंही नाही. असंच पाहिजे. फाटकाशी दहा मिनिटं डोळे मिटून उभा राहिलो. बेल वाजवून हा क्षण नासवणार नव्हतो. निघताना मुद्दाम दोनदा वाकलो.

हायकू झाला:
टोक्‌ म्हणे बांबू
थंडी ऐकत उभी
मी नाहीच तिथे

या वर्षातला सर्वोत्तम. बाबा हवे होते.

२७ नोव्हेंबर
पाटी अजून फाटकालाच. दोन दिवसांची वर्तमानपत्रंही पेटीत. आजींनी जगाच्या बातम्या सोडल्या वाटतं. या वयात हे जमणं मोठी गोष्ट आहे. मी उगाच त्यांना बडबड्या समजत होतो. टोक्‌चा आवाज आज फार वेळाने येतो. पाणी गोठत असेल. दोन आवाजांमधली जागा हाच खरा आवाज, यावर उद्या लिहीन.

२८ नोव्हेंबर
लिहिणार नाही.

उचियामाबाई आल्या, पाटी आजींच्या पुढच्या घरी, तेरादांकडे, का पोचली नाही विचारायला. फाटकाला पाटी पाहिली आणि धावत मागच्या दाराने आत शिरल्या. चपला न काढता. जपानी बाईला चपलांसकट घरात शिरताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आजी स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. पंचवीस तारखेच्या संध्याकाळी पडल्या, खुबा मोडला. हातात लाकडी पळी होती. तिनेच जमिनीवर ठोकत होत्या. मागच्या अंगणात पन्हाळ नाही. मी जाऊन पाहिलं.

२९ नोव्हेंबर
उचियामाबाईंना मी पद्धत समजावून सांगायला गेलो. शांतता, अलिप्तता, बाबा. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "कुरामोतोसान, पाटी कागदांसाठी फिरते असं वाटतं तुम्हाला? कचऱ्याचे वार इथे सगळ्यांना पाठ आहेत. बेल वाजवायची, दार उघडतंय ना बघायचं, म्हणून फिरते ती."

सात वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल.

३ डिसेंबर
हॉस्पिटल. जाताना संत्री नेली. आजी उशीएवढ्या झाल्यात. मला बघून आधी माफीच मागितली. माझ्यामुळे तुम्हाला केवढा त्रास, म्हणाल्या. ही नम्रता बाबा मला गोष्टीसारखी सांगायचे. आज ती ऐकवेना.

मग म्हणाल्या, "तुमची पावलं ओळखली मी. म्हटलं, आले, आता बेल वाजेल. ओरडायला आवाज निघेना. दहा मिनिटं होतात ना तुम्ही?"

मी हो म्हणालो.

"मला वाटलं, आजोबांसारखं बोललात म्हणून मी हसले, ते लागलं तुम्हाला. ते बोलणं ऐकायलाच तर मी तुम्हाला दारात उभं करायची. माझ्याशी तसं कोण बोलतं आता? बोला ना काहीतरी."

बाबांचे सगळे शब्द आठवून पाहिले. तोंडातून एवढंच निघालं, की बाहेर फार थंडी आहे. त्या वाट बघत राहिल्या. मग नर्स आली.

४ डिसेंबर
हायकूची वही कचऱ्यात टाकली. आज कागदाच्या कचऱ्याचा वार नव्हता. परत घेऊन आलो.

९ डिसेंबर
संकल्प. रविवारी पुन्हा हॉस्पिटल. आजींना ऐकवायची वाक्यं कागदावर काढली, बावीस झाली. पहिलं तेच, आपली प्रकृती क्षेम आहे ना. हसल्या तर हसू देत. लोणच्याचा डबा धुऊन ठेवला आहे.

१२ डिसेंबर
सर्दी, अंगात ताप. रविवार चुकणार बहुतेक.

१३ डिसेंबर
ताप. दिवसभर पडून. गल्लीत पावलं वाजली की कान तिकडे जातो. एकदा फाटकाशी थांबल्यासारखी वाटली. मग गेली.

१४ डिसेंबर, सकाळी
ताप उतरला. दूध संपलं म्हणून बाहेर पडलो तर फाटकाला पाटी. दवाने भिजून कागद वाकडे झालेले. नववर्षाची साफसफाई, कचऱ्याच्या सुट्ट्या आणि खाली उचियामाबाईंच्या अक्षरात चार ओळी. सोनोबे कियोसान अकरा तारखेला न्यूमोनियाने गेल्या. क्रियाकर्म नागोयाला घरच्या घरी उरकलं आहे, कोणी भेटायला जाऊ नये. शिक्क्यांच्या रकान्यात माझ्यानंतरचं नाव रेघ मारून खोडलेलं. आता माझ्यानंतर तेरादा.

हारुतांना विचारलं, पाटी कधी ठेवलीत? काल, म्हणाले. मी म्हणालो, बेल वाजवायची होतीत, मी तापाने पडलो होतो. ते गोंधळून वाकले आणि म्हणाले, तुम्हीच तर नको सांगितलं होतं ना.