बुधवारची भाजी शुक्रवारी

१० जाने. १९६५, रवि. सांगली
सखूने आज पेजही तशीच ठेवली. दिवाळीपासून अंथरुणाला आहे, पण तोंडाची चव अशी कधी गेली नव्हती. दुपारी आपणहून म्हणाली, "आवं, भोगीची भाजी करा की. लय दिस झालं." सुनेला, सुमनला सोडून मला सांगितलं. कारण उघड आहे. बौद्ध झाल्यापासून घरात भोगी नाही, संक्रांत नाही. आनंदाला विचारायचं कसं? पोटचा पोरगा, पण त्याच्यापुढे माझं तोंड उघडत नाही.

११, सोम.
विचारलं. ऑफिसला निघताना सायकलची हवा बघत होता. मान वर न करता म्हणाला, "आबा, दीक्षा घेताना तुम्ही माझ्या शेजारी उभे होता." होतो. त्याचं वाईटही वाटत नाही. पण ती काही देव मागत नाही, भाजी मागते. हे सुचलं तो गेल्यावर.
संध्याकाळी तोच म्हणाला, भोगी बुधवारी, तर तुम्ही शुक्रवारी करा. मग ती नुसती भाजी. पटलं. सुटल्यासारखं वाटलं.

१३, बुध.
मागच्या गल्लीतून तीळ लावलेल्या भाकरीचा वास. सखू उठून बसली होती. सुमनकडून केस विंचरून घेतले. "आज हाय न्हवं?" मी म्हटलं, परवा. वास तिलाही आला असणार. पुन्हा आडवी झाली. मंडई काही लांब नाही. जाऊन आलो असतो तर

१५, शुक्र.
मीच केली. सुमन करते म्हणत होती, पण पलटणीत लंगरात स्वयंपाक करून माझा हात बसलेला आहे. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, थोडी बोरं. शेवटी तिळाचं कूट. कूट करपलं की काय, हीच धास्ती. सखूने एक घास घेतला.
"चांगली झालीया. पण ती न्हवं."
दुसरा घेतला नाही. बुधवारी भूक होती तिला. आज नव्हती.

१७, रवि.
पुन्हा केली. तीळ मंद भाजले, गूळ वाढवला. पुन्हा तेच, ती न्हवं. सुमन जवळ बसली, म्हणाली, आत्या, तुमच्याकडं कशी करायचे? सखू कितीतरी दिवसांनी एवढं बोलली. "आमच्यात कुठली शिजतीया गं? म्हायेरी कवठ्याला आई घरोघर मागून आणायची. भाकरी टोपल्यात, भाजी गाडग्यात. समद्या घरची एकात. कुणाची तिकट, कुणाची गोड, कुणी उसाचं कांडं घातल्यालं. दर घास येगळा." बोलताना हसत होती.
पळी हातात तशीच राहिली. मीही तसल्याच गाडग्यातलं खाऊन वाढलो. आणि मी तीळ भाजत बसलो होतो.
वळून बघतो तर आनंदा दारात. सगळं ऐकलेलं. चपला घालून बाहेर गेला. जेवला नाही.

१८, सोम.
सुमनचं म्हणणं, चाळीतल्या चौघी आपापल्या घरी आपापल्या पद्धतीनं करतील, इथं एकात ओतू. आनंदा ताट सारून म्हणाला, "या घरातलं कुणी परत भांडं घेऊन दारात उभं राहायचं नाही."
"आपण जायचंच न्हाई," सुमन म्हणाली. "त्या आणून देतील. उद्या त्यांच्यात कुणी आजारी पडलं तर मी नेऊन देईन."
मला दोघांचंही पटतं. माझी नेहमीची अडचण. आनंदा लहान असताना त्याला आजीबरोबर पाठवायचो आम्ही, गाडगं धरायला. तो विसरलेला नाही. मी विसरलो होतो.

२०, बुध.
सखूच्या पोटात सकाळपासून फक्त पाणी. मागल्या बुधवारी केस विंचरून बसली होती. एक दिवस मनाचा हिय्या केला असता तर काय बिघडत होतं.
सुमनने शेजारणींना सांगून टाकलं आहे. संध्याकाळी आणतो म्हणाल्यात. आनंदाने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी मोठं पातेलं घासून उंबऱ्याच्या आत पालथं घातलं. ऑफिसला जाताना त्याने बघितलं. उचलून फेकतो की काय वाटलं. ओलांडून गेला. घरी कधी येईल, आल्यावर काय करील, सांगता येत नाही.
सखूचं लक्ष होतं. "आवं, एवढं मोठं कशाला काढलंय?"
असंच, म्हटलं.
जरा वेळ पातेल्याकडे बघत राहिली. मग सुमनला हाक मारली, म्हणाली, फणी आण गं.