बिनशिशाचा सोल्डर आणि मामाजींचा खर्रा

...तर मामाजी, फोनवर तुम्ही "काहून बदलवला वं सोल्डर" एवढं विचारून फोन ठेवून दिला, माझं उत्तर अर्धंच राहिलं, म्हणून हा कागद. पाया पडते. पायाचं प्लास्टर कधी निघते? वर्ध्याले हर्षाताईकडे वेळेवर जेवून राहिले ना? महाल मोहल्ल्यातलं आपलं रिपेअरिंगचं दुकान मस्त सुरू आहे (जवळजवळ).

बदलवला तो तुमच्यामुळे. ज्या बोटांनी शिशाचा सोल्डर धरता, त्याच बोटांनी तुम्ही तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता. शिसं काही धूर बनून उडत नाही, आपली सोल्डरिंगची आयर्न तेवढी तापतच नाही. ते बोटाले लागते अन् बोटावरून पोटात जाते. हे मी पक्कं वाचलं. म्हणून बिनशिशाचं रीळ आणलं अन् जुनं कपाटात कोंबलं. आता तुम्ही आल्या आल्या ते बाहेर काढू नका, एवढ्यासाठीच हे सगळं लिहून राहिली.

पहिलं काम रुखमाबाईंच्या रेडिओचं. नव्या सोल्डरले तीस-चाळीस डिग्री जास्त लागते, हे मले माहीत होतं, रेडिओले नव्हतं. बोर्डावरची तांब्याची पट्टीच उखडली. मग वायर टाकून जोडलं (छान जोडलं, मीच म्हणते). टाके मळकट दिसत होते, ते या सोल्डरचे तसेच दिसतात. पण आपले धर्मेंद्रभाऊ तुमच्याच हाताखालचे मेकॅनिक: चमकला तो टाका पक्का, नाही चमकला तो ड्राय, म्हणजे कच्चा. मी चहा प्यायले गेली तेवढ्यात त्यांनी जुनं रीळ काढून सगळे टाके पुन्हा मारले. वरून म्हणते, "तुझं काम सुधरवून ठेवलं बाई, कोणाले सांगत नाही." रेडिओ वाजून राहिला, ते वेगळं.

मी फेअर आहे, दुसरी बाजू पण सांगते. गरमी जास्त म्हणून सोल्डरमधल्या फ्लक्सचा, म्हणजे राळेचा, धूर जास्त. धर्मेंद्रभाऊ दोन दिवस खोकलून राहिले, मग धूर बाहेर फेकणारा पंखा लावला. लाईट जास्त जळते. नव्या सोल्डरमधलं कथील अन् चांदी खणायले कुठला तरी डोंगर जाते. पण आपले मेलेले बोर्ड कबाडीवाला नेते, जाळते, अन् त्यातलं शिसं मातीत राहते. माती कुठं जाणार? म्हणून ठरवलं: जुन्या बोर्डाले नाइलाजानं जुना, बाकी सगळीकडे नवा, अन् हात धुतल्याबिगर कोणी तोंडात काही टाकायचं नाही. नळाले साबण टांगला आहे. धर्मेंद्रभाऊ त्याले मंदिराची घंटा म्हणते, पण वाजवते.

तुमची भाची,
रितिका

ता.क. प्लास्टर निघालं की धंतोलीतल्या लॅबमध्ये रक्तातल्या शिशाची टेस्ट करायची. "मले काय धाड भरली" म्हणू नका.

ता.क. आणखी. टेस्ट दुखत नाही, मी करून आली. माझं शिसं थोडं जास्त निघालं. दोन्ही हात अडकले की तुम्ही सोल्डरची तार दातात धरता ना, तसं सहा महिन्यांपासून मी पण धरत होती. डॉक्टर म्हणते, सवय सोडली की उतरते. सोडली. पण आईले कळलं तर माझं दुकानात येणं बंद. तुम्ही तिचे मोठे भाऊ, तुम्हीच सांगा: माझा रिपोर्ट तिले आताच दाखवावा, का तुमचा आल्यावर दोन्ही सोबत?