एका दमाचा सेनापती

१२ ऑक्टोबर, रविवार
आज तालमीत सिंहासन मोडलं. सिंहासन म्हणजे प्लास्टिकची खुर्ची. कमिटी कंजूस. टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलो, डाव्या बाजूच्या दोन बरगड्या क्रॅक. आमच्या करडी गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटक असतं; त्यात सेनापती दरवर्षी मीच. शेवटचा लांबलचक संवाद एका दमात म्हणतो. जिल्ह्यात असा दुसरा माणूस नाही. मंडई दोन नोव्हेंबरला. तोवर ठणठणीत.

१३ ऑक्टोबर
भंडाऱ्याचा डॉक्टर पोरगेला, बाहेरगावचा. म्हणाला, बरगड्यांना प्लास्टर नसतं. छाती हलली तरच फुप्फुसात हवा भरते, म्हणून काही बांधू नका. मग मुद्दाम आमच्या बोलीत समजावलं, काकाजी, दर घंट्याले लांब दम घ्यायचा. एवढी सोपी ट्रीटमेंट आयुष्यात पहिल्यांदा मिळाली. दम घ्या म्हणजे आराम करा, तोही लांब! घरी येऊन लगेच आडवा झालो.
बांधू नका हे मात्र पटलं नाही. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या हातमाग. ताणा ढिला पडला की कापड बिघडतं. बायकोकडून कोसा रेशमाचा दुपट्टा छातीला करकचून बांधून घेतला. कुंता म्हणे, डॉक्टर नाही म्हनला ना? म्हटलं, डॉक्टरने माग चालवलाय का?

१६ ऑक्टोबर
डॉक्टरने तीन बॉलचा प्लास्टिकचा डबा दिलाय. नळी तोंडात धरून बॉल वर न्यायचे. जीव खाऊन फुंकलं. एकही हलला नाही. पीस खराब. कुंताने फुंकायच्या ऐवजी हवा आत ओढली, तिन्ही वर. याला चीटिंग म्हणतात.

१९ ऑक्टोबर
खोकला. दुखतं म्हणून दाबून ठेवतो. असा कंट्रोल सगळ्यांना जमत नाही.
कुंताचा भाऊ भैय्यालाल येऊन गेला. आमचा प्रॉम्प्टर. पडद्यामागे बसून पुटपुटणारा माणूस. म्हणतो कसा, भाऊजी, कमिटीवाले म्हनून राहिले का तुमचं काम मी करू. हसलो, बरगडी चमकली. सांगितलं, त्याला छाती लागते.

२४ ऑक्टोबर
ताप. भाऊबीजेचं तेलकट बाधलं. संवाद म्हणून पाहिला, अर्ध्या ओळीत धाप. दुपट्टा ढिला झाला असणार. कुंताला आणखी आवळायला सांगितलं, तर म्हणे, मलेच विधवा कराचं काम मलेच कायले सांगता? संसारात सपोर्ट नावाची गोष्ट नाही. एक टोक खिडकीच्या गजाला बांधून मीच आवळला.

२६ ऑक्टोबर, हॉस्पिटल
न्यूमोनिया. छातीत पाणी झालंय म्हणे, बरगड्यांमधून नळी घातली. डॉक्टरने दुपट्टा कात्रीने कापला. अस्सल कोसा! मग विचारलं, काकाजी, दम घेत होते ना? म्हटलं, एकदम इमानदारीत. जेवायलासुद्धा उठलो नाही. तो कुंताकडे वळला. म्हणाला, श्वास म्हणालो होतो मी. खोल श्वास.
मग श्वासच म्हणायचं. बोलीची हौस कशाला? एखादा पेशंट मरायचा.
सेनापती भैय्यालालला दिला. कमिटी पस्तावेल.

३ नोव्हेंबर
काल सुनेला माझ्याजवळ बसवून कुंता मंडईला गेली होती. आज आल्याआल्या विचारलं, एका दमात म्हटलं का त्याने? नाही म्हणाली. चार ठिकाणी थांबला, मधेच रडला. मला बरं वाटलं. फ्लॉप.
मग म्हणाली, लोकं बी रडले. सेनापती आपल्याच हातानं मेलेल्या पोराची माफी मागते, हे आतापर्यंत कोनाले मालूमच नव्हतं. तुमचं एवढं झरझर राहे, काही समजेच नाही.
पुढच्या वर्षीचं कामही त्यालाच दिलंय.
कुंता चहा आणायला गेल्यावर पडल्यापडल्या तो संवाद मनातल्या मनात हळूहळू म्हणून पाहिला. खरंच माफी आहे. मला ती विजयाची घोषणा वाटायची. इतकी वर्षं छाती ठोकून म्हणत आलो.