भिंतीपलीकडचं मशीन

९ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. तो घेशील की पत्रासकट बाजूला ठेवशील, ठाऊक नाही. पण तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, म्हणून आधी नमस्कारच करतो.

इकडे सगळं ठीक. जिना चढताना माझा उजवा गुडघा कुरकुरतो, बाकी तब्येत टुणटुणीत. तुझ्या बाजूच्या खोल्या दर रविवारी उघडतो, खिडक्या तासभर सताड ठेवतो. न्हाणीघराचा नळ गळत होता. प्लंबर दोनदा येऊन नुसता बघून गेला, शेवटी मीच वॉशर बदलला. फडताळाचं दार फुगलंय, त्याला रंधा मारावा लागेल. तुझी लेक अधूनमधून फोन करते. भाजीत मीठ कमी पडलं की तू रुसतोस म्हणे. ऐकून बरं वाटलं, म्हणजे तू होतास तसाच आहेस.

आता मुद्द्याचं. माझ्या रेडिओतली खरखर सापडली.

चिडू नकोस, पूर्ण वाच. त्या वर्षी खरखर अशी सुरू झाली होती की सहाच्या बैठकीतलं एक अक्षर कळेना. बैठक म्हणजे आम्ही पाच म्हातारे, पाच गावांहून, रोज संध्याकाळी सहा ते सात हॅम रेडिओवर, म्हणजे बोलता-ऐकता येणाऱ्या हौशी रेडिओवर, गप्पा मारणारे. त्यांना माझं सगळं ऐकू जायचं आणि मला त्यांचं काही नाही. ते हसायचे तेव्हा मी अंदाजाने हसायचो.

आमच्यातला पहिला धडा असा, की खरखर आली तर शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपलं घर तपासायचं. मेन स्विच पाडायचा, रेडिओ वेगळ्या बॅटरीवर लावायचा आणि ऐकायचं. खरखर गेली तर चोर घरात, राहिली तर बाहेर. हा धडा मी नव्या लोकांना शिकवलेला आहे, त्यावर भाषणं ठोकलेली आहेत. मी भर दुपारी मेन पाडला, कानाला हेडफोन लावले. खरखर तशीच. मग काय, बोट गेलं भिंतीपलीकडे, वहिनींच्या ऑक्सिजनच्या मशीनकडे. त्या महिन्यात तेच तेवढं नवीन आलं होतं.

गेल्या आठवड्यात माझ्या जिन्याखालचा इन्व्हर्टर बिघडला. मेकॅनिक तो दुकानात घेऊन गेला आणि संध्याकाळी रेडिओ लावला तर काय! आमचा कप्तान, तो बोटीवरून रिटायर झालेला, खोकला तरी ऐकू येतोय. मी कपाळावर हात मारून घेतला. अरे, वीज असताना तो बॅटरी चार्ज करत खरखर करतो आणि मेन पाडला की आपोआप घराला वीज पुरवायला लागतो, खरखर तीच! मी घरातली सगळी वीज बंद केली म्हणून ऐटीत बसलो होतो आणि चोर जिन्याखाली खुशाल कामाला लागला होता. चालू होताना तो टूं करतो, पण माझ्या कानांवर हेडफोन. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लायनींमधले दोष शोधले आणि घरातला दिसला नाही.

इन्व्हर्टर परत आल्यावर त्याच्या वायरी खरखर अडवणाऱ्या फेराइटच्या काळ्या कड्यांतून सात-सात वेढे देऊन ओवल्या. अर्थिंग नवीन केलं. अँटेना घरापासून लांब, मागच्या कुंपणाकडे नेली. आता खरखर जवळजवळ नाहीच.

म्हणजे वहिनींच्या मशीनचा काहीच दोष नव्हता. संध्याकाळचा तास ते बंद ठेवा असं मी त्यांना सांगितलं, ते उगीच. त्या दिवशी तू लवकर घरी आलास, त्यांना धापा टाकताना पाहिलंस, मग आपलं जे व्हायचं ते झालं आणि तुम्ही लेकीकडे निघून गेलात. दीड वर्षापूर्वी वहिनी गेल्या तेव्हा मी लेकीच्या दारापर्यंत आलो होतो. तू मला बघून आत वळलास. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढंच म्हणतो की चूक झाली, दादा. जाणूनबुजून नव्हतं, चाचणी चुकली. जमलं तर माफ कर आणि घरी ये. ह्या घरात मी दिवसदिवस कोणाशी बोलत नाही.

तुझा,
धाकटा


२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "जाणूनबुजून नव्हतं ना, मग झालं. चूक कोणाकडूनही होते. दहा तारखेला येतो, कायमचा. टाकी धुऊन ठेव." उभ्या उभ्या चारदा वाचलं. गुडघ्यासकट नाचलो म्हटलंस तरी चालेल. टाकी घासली, फडताळाला रंधा मारला, गाद्या उन्हात टाकल्या. गाद्या आत नेऊन घालताना वहिनींच्या पलंगाशी आलो. तो अजून भिंतीला लागूनच आहे. त्यावर टेकलो तो मला उठवेना.

'जाणूनबुजून नव्हतं' ह्या माझ्या एका वाक्यावर तू येतो आहेस. आणि ते वाक्य मी तुला खोटं लिहिलंय.

इन्व्हर्टरचं सगळं खरं आहे. चाचणी चुकली हेही खरं. पण नंतरचं मी गाळलं.

पहिल्या संध्याकाळी वहिनींनी सहाला मशीन बंद केलं आणि मला कळावं म्हणून भिंतीवर दोनदा ठोकलं. मी हेडफोन लावले. खरखर तशीच होती, तसूभर कमी नाही. मशीन बंद आणि खरखर चालू, ह्याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. मला तो तिथल्या तिथे कळला होता.

सात वाजता त्या स्वतः माझ्या दारात आल्या, चौकट धरून. चेहरा घामेजलेला, पण हसत होत्या. "काय भाऊजी, भेटले का तुमचे खरखरवाले?" आदल्या दिवशी मी त्यांना कागदावर आकृत्या काढून पटवलं होतं की दोष त्यांच्या मशीनचाच. आता कुठल्या तोंडाने सांगू की मी चुकलो? मी म्हटलं, "एकदम स्वच्छ, वहिनी. शेजारी बसून बोलल्यासारखं." त्यांना इतका आनंद झाला रे! म्हणाल्या, "मग रोज घ्या की हा तास. डॉक्टरांनी सोळा तास सांगितलेत, उरलेले आठ माझे. त्यातला एक तुम्हाला दिला. ह्यांना मात्र बोलू नका, उगाच डोकं फिरवून घेतील."

अशा एकोणीस संध्याकाळी. रोज वाटायचं, उद्या सांगू. काहीतरी निमित्त काढून म्हणू, की आता गरज नाही. तेवढंही केलं नाही. ठोकल्याचा आवाज आला की मी जागेवर जाऊन बसायचो आणि तासभर नुसती खरखर ऐकायचो. मधेच भिंतीपलीकडून त्यांचा खोकला यायचा, हेडफोनमधूनसुद्धा. तो ऐकू येऊ नये म्हणून मी खरखर मोठी करायचो. हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

विसाव्या दिवशी तू लवकर आलास. "तुला तुझे लोक ऐकू यावेत म्हणून हिने श्वास कोंडायचा का रे?" असं तू ओरडलास. त्यावर मी तुझ्या तोंडावर म्हणालो, "त्याने फरक पडतो, दादा. मी खात्री केलीय." आणि पलंगावरून वहिनी धाप लागलेली असताना माझी बाजू घेत होत्या. "त्यांना ऐकू येतं हो, खरंच." मी मान डोलावली.

दुखणं पुढे गेलेलंच होतं, त्या तासांनी काही बदललं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. तुझी लेकही मला तेच सांगते. असेल. पण आपला भाऊजींना उपयोग झाला असं समजून त्या गेल्या. त्यांचा कणभरही उपयोग झाला नाही आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

हे पत्र टाकलं नाही तर दहा तारखेला तू येशील. मला तू हवा आहेस, फार हवा आहेस. म्हणूनच तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो होतो. पण तू समोर जेवायला बसशील आणि वहिनींचा विषय काढून मलाच समजावशील, की असू दे, चूक होते. तो घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही. चूक दुपारी झाली होती, दादा. संध्याकाळी जे केलं ती चूक नव्हे.

आता यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलास तर का नाही आलास, हे लेकीला मी स्वतः सांगेन. तुला ते तोंडाने बोलायला लागू नये.

वहिनींना त्या दारातच सांगायला हवं होतं ते इतक्या उशिरा तुला सांगणारा,
धाकटा