चिमण्यांचे दाणे आणि उंदरांचं बाळंतपण

देवळी

आदरणीय रामाजीदादा यांस,

सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींनाही जय भीम, गुंजनला आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे घरात मी एकटाच आहे आणि मी ठीक नाही. फोनच करणार होतो, पण तुमच्याकडे फोन वाजला की आधी पौर्णिमाच उचलते, म्हणून पत्र.

तुमची बहीण रागावून का आली हे तिच्याकडून ऐकलंच असेल, आता माझी बाजू ऐका. तिनं परसात चिमण्यांसाठी ज्वारीची कणसं टांगली, खाली दाण्यांची ताटली ठेवली. चिमण्या आल्या, मागोमाग उंदीर आले. दाणे घालणं तिच्याकडे, उंदीर हाकलणं माझ्याकडे, अशी वाटणी झाली. मी ताटली बांबूवर चढवली आणि उंदीर घसरावेत म्हणून बांबूला जवसाचं तेल चोपडलं. त्यांनी बांबू चाटून कोरडा केला आणि वर जाऊन जेवण उरकलं. (थांबा, मागे खुडबुड झाली, पाहून येतो. काही नाही, साळुंकी होती.) मग ताटली कपड्यांच्या तारेला टांगली, तर तारेवरून चालत आले. शेवटी संध्याकाळी ताटली घरात आणू लागलो. भाव वाढेल म्हणून समोरच्या खोलीत कापूस भरून ठेवलाय, त्या ढिगावर ठेवायचो. कापसात उंदरांचे पाय रुततील असा माझा हिशेब. पाय रुतले नाहीत, उंदरीण बाळंत झाली. पौर्णिमा कापसाला टेकून तुरीच्या शेंगा सोलत होती, तर पाठीमागून चूंचूं. ती जी उठली ती थेट बस स्टँडवर. जाताना एवढंच म्हणाली, "उंदरं जातीन तवाच मी येईन. अन् पाखराइचे दाणे बंद केले तर येणारच नाई."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. अर्ध्या जेवणातून उठून परसात जातो. आता सकाळी मूठभरच दाणे घालतो, उन्हं चढली की परस झाडून घेतो, कापसाची खोलीही साफ केली. उंदीर फिरकत नाहीत. चिमण्या मात्र दाणे टिपून झाले की दाराकडे बघत बसतात. मीही तेच करतो. करमत नाही, दादा. तिला समजावून पाठवा.

आपला,
नागसेन

ता.क. पाकीट चिकटवताना गुंजनचा फोन आला. आत्यानं तुमच्याही परसात कणसं टांगली म्हणे, खाली ताटलीही ठेवली. तेव्हा तिला काही समजावू नका, मी वाट पाहतो.

आणखी एक. तुमचा कापूस अजून घरातच आहे ना? असेल तर विकायची घाई करू नका.