भावोजींची सही आणि दोनशे बारावं भोक

ती. ताईस,

धाकट्याचा कोपरापासून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण तुझ्या अहोंनी माझ्या खोलीभर ज्या फायली पसरून ठेवल्या आहेत, त्यांतून आठांपैकी एखादंच अंग जमिनीला टेकेल.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते नीट कळव, कारण भावोजींना विचारलं तर ते फक्त पायऱ्यांची उंची सांगतात. भाची आणि जावई ठीक असतील. तिच्या मुलीला दात आले का? (धंदा कवळ्या करण्याचा असला तरी खरे दात येणाऱ्यांशी माझं वैर नाही.) मी मजेत आहे असं लिहायची रीत आहे, तेव्हा लिहिलं समज. खरं विचारशील तर माझे बारा वाजले आहेत, आणि वाजवले आहेत ते भावोजींनी. हे फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मधे बोलतेस आणि शेवटी त्यांचीच बाजू घेतेस.

मुळापासून सांगतो, नाहीतर म्हणशील, पन्नाशीला आलेला माणूस खेळण्यावरून रडतो. लहानपणी आपण टीव्हीवर ती अंतराळातली मालिका बघायचो, जिच्यात यान हललं की मागचा पुठ्ठ्याचा ताराही हलायचा. एकसष्टाव्या भागानंतर ती अर्ध्यातच बंद पडली आणि तू अभ्यासाला लागलीस. मी नाही लागलो. पुढे कॉम्प्युटरवर एक खेळ निघाला. त्यात आपण एक ग्रह घ्यायचा, खाणी खणायच्या, यानं बांधायची आणि दुसऱ्यांच्या ग्रहांवर चाल करून जायचं. अशा तयार खेळात आपल्या पदरचं घुसडून त्याचा निराळाच खेळ करणं, याला मॉड म्हणतात. आमचं मॉड म्हणजे ती अख्खी मालिका त्या खेळात बसवलेली. अकरा वर्षं चाललंय. (तेवढ्या काळात मी काही हजार माणसांची तोंडं बांधून दिली, पण ती पोटासाठी. जीव सगळा इथे.)

आम्ही म्हणजे तिघं. चष्मेवाला तुला माहीतच आहे, माझ्याच वर्गातला, शाळेत फळा दिसत नाही म्हणून पहिल्या बाकावर बसायचा तो. त्याच्या दुकानामागच्या खोलीत, डोळे तपासायच्या तक्त्याखाली, दर रविवारी दहा ते एक आमची बैठक असते. तिसऱ्या शिंपीणबाई. त्या रफूच्या कामात इतक्या पक्क्या की कपडा फाटला होता हे गिऱ्हाईकच विसरतं. मालिकेच्या कथेत जी भोकं आहेत ती त्यांच्या ताब्यातल्या वहीत नोंदलेली आहेत. चौदाव्या भागात मेलेला आचारी सोळाव्या भागात सूप वाढतो, हे भोक क्रमांक नऊ. त्यावर आम्ही दोन वर्षं भांडलो. चष्मेवाला म्हणे जुळा भाऊ, मी म्हणे यंत्रमानव. शिंपीणबाई म्हणाल्या की रफू करताना धागा त्याच कपड्याचा घ्यायचा, बाहेरचा आणायचा नाही. तो मेला असं सांगणारा खलाशी आधीच्या चार भागांत खोटं बोललेला आहे, मग पाचव्यांदा बोलला असेल. झालं, आचारी जिवंत. अशी प्रत्येक भोकावर सगळ्यांची सही झाली की मगच ती दुरुस्ती मॉडमध्ये जाते. सलग तीन रविवार जो येईल त्याला सहीचा हक्क, आणि एक रविवार जो चुकवील त्याचा हक्क कायमचा गेला. नियम मीच केला होता, अशा माणसांना दूर ठेवायला ज्यांना जगात दुसरंही काही असतं. (एक पोस्टमन दोन रविवार आला होता. तिसऱ्या रविवारी आम्हाला कोपऱ्यावर बघून त्याने रस्ता बदलला.)

आणि मग भावोजींची इकडे चार महिन्यांसाठी बदली झाली. त्यांना माझ्याकडे ठेवून घे हे तूच सांगितलंस, आणि मीही हो म्हटलं. सहा वर्षांत मी तुमच्याकडे फिरकलेलो नाही, त्यावरून ते आल्याआल्या काहीतरी टोचून बोलतील अशी मनाची तयारी केली होती. एक अक्षर नाही. बॅग ठेवली, हात धुतले, खिडकीत वाळत ठेवलेल्या कवळ्यांमधली एक उचलली आणि म्हणाले, डावी बाजू खाली आहे. (होती.) रविवारी घरात एकटे बसून काय करतील म्हणून मी त्यांना बैठकीला नेलं. याला विकतचं दुखणं म्हणतात. पहिल्या रविवारी ते गप्प होते. दुसऱ्या रविवारी त्यांनी भोकांची वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले, कारण तीस वर्षं लिफ्ट तपासणारा माणूस कुठलीही वही मधून उघडत नाही. तिसऱ्या रविवारी दहाला पाच कमी असताना ते आमच्या आधी येऊन बसले होते, खिशाला दोन पेनं. चष्मेवाल्याने हौसेने त्यांना सहीचा नियम सांगितला. अकरा वर्षांत पहिलं गिऱ्हाईक!

त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं. एवढी मोठी यानं, आत माणसं, तर यांची तपासणी कोण करतं? चष्मेवाला हसला. शिंपीणबाई हसल्या नाहीत, त्यांनी वहीचं कोरं पान काढलं. दोन रविवारांत मॉडमध्ये तपासणी खातं आलं. दर बारा खेळ्यांनी प्रत्येक यानाला प्रमाणपत्र लागणार, नसेल तर यान जागचं हलणार नाही. चाचणीच्या दिवशी मी शत्रूच्या राजधानीवर तीनशे चाळीस यानांची चढाई मांडून ठेवली होती, महिन्याभराची मेहनत. हुकूम सोडला. एक यान हललं नाही. प्रत्येकावर इवलीशी पाटी लागली होती, 'तपासणी बाकी'. आता शत्रू मला चिरडणार म्हणून त्याच्याकडे बघितलं, तर त्याच्याही सगळ्या यानांवर तीच पाटी. साऱ्या अंतराळात फक्त चार तपासनीस संथपणे या ग्रहावरून त्या ग्रहावर चालले होते. मला वाटलं, बरी जिरली, आता हे खातं काढून टाकतील. तेवढ्यात चष्मेवाला ताडकन उठला. एकविसाव्या भागात शत्रूचं आरमार अगदी दारात येऊन विनाकारण परत जातं, हे भोक सदतीस, ज्यावर मी गुरुत्वाकर्षणाचा चाळीस पानी सिद्धान्त लिहिला होता. "अरे, त्यांची मुदत संपली होती!" असं म्हणून तो चक्क डोळे पुसायला लागला. शिंपीणबाईंनी माझ्या चाळीस पानांवर एक आडवी रेघ मारली. सही मलाही करावी लागली, कारण ते बरोबर होतं, आणि दुःख तेच आहे. त्या एका दिवसात एकोणीस भोकं बुजली. माझ्या सिद्धान्ताच्या पाठकोऱ्या बाजूवर आता गिऱ्हाइकांची मापं लिहिली जातात.

तेही मी गिळलं असतं. पण ज्या संकेतस्थळावर लोक आपापली मॉडं ठेवतात ते या महिनाअखेरीस बंद होतंय. येत्या रविवारी आमची शेवटची आवृत्ती चढली तर चढली, नाहीतर अकरा वर्षं पाण्यात. (जगात हा खेळ खेळणारी माणसं असतील दोनशे. पण दोनशेच असली तरी ती वाट बघतायत.) दोनशे अकरा भोकं बुजली आहेत. राहिलं दोनशे बारावं, आणि ते मालिकेचं नाही, माझं आहे. मालिका अर्ध्यात सुटली म्हणून तिचा शेवट मी लिहिला. जो जिंकेल त्याला तो दिसतो. युद्ध संपलंय, सगळे आपापल्या ग्रहाकडे परत चाललेत, आणि सेनापती एकटा शेवटच्या चौकीवर काचेशी उभा आहे. लांब त्याच्या घरच्या ग्रहाचा दिवा दिसतो. तिथे त्याची थोरली बहीण असते. तो बघत राहतो, बस्स. हे दृश्य मी जितक्या वेळा बघितलं तितक्या वेळा रडलो. चष्मेवालाही रडला.

भावोजींनी विचारलं, हा घरी का जात नाही?

मी म्हटलं, कर्तव्य. ते म्हणाले, युद्ध संपलंय. मी म्हटलं, इंधन नसेल. त्यांनी यानाची फाईल उघडून दाखवली, ब्याऐंशी टक्के. इंजिनाच्या प्रमाणपत्राला अजून नऊ खेळ्यांची मुदत. वाटेत वादळ? नोंद नाही. शपथ घेतली असेल? नोंद नाही. मग त्यांनी वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'घरी न जाण्याचे कारण अपुरे. सही करता येत नाही.' मला राग कशाचा आला सांगू? ते रागावले नव्हते. आवाजसुद्धा चढला नव्हता, जणू कुठल्या तरी इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकते एवढंच सांगत होते. बाकीचे दोघे माझ्या बाजूने उभे राहतील म्हणून बघितलं, तर चाळीस वर्षांचा दोस्त डोळे बारीक करून म्हणतो, "खरंच रे, का नाही जात?" मी वही आपटली आणि बाहेर पडलो, आणि चप्पल घालायला परत आत जावं लागलं. आज दोन रविवार झाले. बैठकीला हक्कापुरता जाऊन बसतो, घरात आम्ही एकमेकांना मीठ दे, पाणी दे एवढंच बोलतो. हातातोंडाशी आलेला घास गेला, ताई. मी काही मोठा माणूस नाही. आयुष्यात पूर्ण केलेलं असं हे एकच काम होतं, आणि ते एका सहीवाचून पडून राहणार.

तेव्हा माझं एवढं ऐक. गुडघ्याचं निमित्त कर, रड, पडलीस म्हणून सांग, काय वाटेल ते कर, पण येत्या रविवारी भावोजींना तिकडे बोलावून घे. एक रविवार चुकला की त्यांचा सहीचा हक्क गेला. उरलेल्या दोघांना मी कसंही पटवीन. तुझ्या नवऱ्याला तुझ्याच हातून फसवायला सांगतोय याची लाज वाटते, पण काम झाल्यावर वाटू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र घालायला पाकीट शोधत होतो, तर भावोजींच्या फायलींतून आमच्या मॉडची फेरफार-यादी निघाली. कुठलाही बदल केला की त्यात तारीख आणि वेळ आपोआप पडते. ती सगळी त्यांनी छापून घेतली आहे आणि अर्थातच पहिल्या ओळीपासून वाचली आहे. चौथ्या आवृत्तीच्या ओळीसमोर लाल पेन्सिलीची खूण आहे. तारीख तुझ्या लेकीच्या लग्नाची. वेळ सकाळी दहा पस्तीस. बाजूला शेरा, 'खुलासा मागवू नये.' शेऱ्याखालची तारीख दोन महिन्यांपूर्वीची आहे, म्हणजे सेनापतीबद्दल विचारण्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा वर लिहिलेलं रद्द समज. पडायचं नाटक करू नकोस.

आणखी एक ता. क. मला ताप नव्हता, ताई. एकशे तीन तर नव्हताच. लग्न रविवारी होतं, आणि रविवार चुकवला असता तर माझा हक्क गेला असता. तू हॉलमधून चार वेळा फोन केलास, औषध घेतलं का म्हणून. पाठवणीच्या वेळीही केलास, मागे सगळी रडत होती आणि तू मला विचारत होतीस, घाम आला का. मी दिवसभर चष्मेवाल्याच्या खोलीत बसून कण्हत उत्तरं दिली. त्या आवृत्तीत मी फक्त एका चंद्राचा रंग बदलला होता. ती सात जणांनी घेतली, त्यांतले तीन चष्मेवालाच, वेगवेगळ्या मशीनवरून. त्यानंतर तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. पहिलं वर्ष लाजेचं होतं, पुढची पाच कसली होती ते मलाच कळलेलं नाही. कारण अपुरेच आहे, ते बरोबर लिहितात.

शेवटचा ता. क. काल शेवट बदलला. सेनापती घरी जातो. जिना चढतो, दार वाजवतो, बहीण दार उघडते, आणि ती काय म्हणते ते मला काही केल्या लिहिता येईना. दहा वेळा लिहिलं, दहा वेळा खोडलं. तिच्या वाक्याची चौकट रिकामी आहे. भावोजींना दाखवली, म्हणाले, रविवारी दुपारी एकच्या आत भरली तर सही करतो. सहीला ते इथेच राहतील, मी नसेन. माझा हक्क जाईल, जाऊ दे. सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतोय. दारात जे म्हणशील ते तिथूनच चष्मेवाल्याला फोनवर कळवीन. त्या चौकटीत फार तर चाळीस अक्षरं मावतात, पण ती अट सेनापतीच्या बहिणीला आहे. तुला नाही.