महालक्ष्म्या उठायच्या आत

माय, तू सांगतलं कावून नाही? चुलीपुढं बसून पुरण वाटत होती, माझ्यावर ओरडत होती, सासूले हसून उत्तर देत होती, आणि लुगडं मागून भिजत होतं. सकाळपासून भिजत होतं. नंतर बायका बोलल्या म्हणून मले समजलं, नाहीतर चौथीतल्या पोरीले काय समजणार? तुले मात्र समजत होतं. सातवा महिना, चौथ्यांदा पोटुशी, तुले काय नवं होतं? पण घरात महालक्ष्म्या उभ्या, जेवणाचा दिवस, सासू गावाहून आलेली, आणि रक्त दिसलं म्हटलं की विटाळ. तुले चुलीपुढून उठवलं असतं, बाजूले बसवलं असतं, नैवेद्य मोडला असता. म्हणून तू आतून कपडा घेतला आणि गप बसली. सोळा भाज्या केल्या, आंबील केली, पोळ्या केल्या, सगळ्यायले वाढलं. मग खरकट्या भांड्यांपाशी जी टेकली ती आडवीच झाली. बाबानं प्लांटचा ट्रक आणला. भिलाई तेव्हा नवी होती, धड रस्ते नव्हते, चिखलातून तुले नेलं. परत मढं आणलं तेव्हा महालक्ष्म्या तशाच उभ्या, शालू नेसून, डोळे मोठे करून. इतके वर्षं मी तुझ्यावर रागावली नाही. रडली, पण रागावली नाही. आज रागावली.

कावून, तर आज सकाळी न्हाणीत बालटीच्या मागे मले एक कपडा सापडला. घडी करून लपवलेला. डाग होता त्याच्यावर, लाल नाही, तपकिरी, रुपयाएवढा. कपडा तिचा. आणि घरात महालक्ष्म्या उभ्या, आज जेवणाचा दिवस. माय, मले वाटलं कोणी माझ्याशी मुद्दाम खेळून राहिलं.

आता ती कोण, हे तुले सांगावं लागेल, तू गेल्यावर किती काय झालं ते तुले कुठी माहीत आहे. बाबा प्लांटमध्येच गेले, क्रेनखाली. त्यांच्या जागी मले कँटीनमध्ये लावलं, धाकट्यायले मी वाढवलं, लग्नं लावली, माझं राहून गेलं. राहून गेलं असं लोक म्हणतात. मले करायचंच नव्हतं. मग ती भेटली, बालवाडीत शिकवते, बाप तिचा दुर्गले रेल्वेत गँगमन होता. नवऱ्यानं दुसरी आणली म्हणून ही निघून आली होती. आधी भाड्यानं खोली मागायले आली, मग खोली राहिली बाजूले. हुडको कॉलनीत हे घर आमी दोघींनी मिळून उभं केलं. लोक मले तिची ताई म्हणतात, कोणी मैत्रीण म्हणते. मी तुले खोटं सांगत नाही. तुले जसे बाबा होते तशी मले ती आहे. एका पलंगावर झोपतो. उलट बरीच आहे म्हण, बाबा तुले विचारून काही करत नव्हते, ही मले विचारल्याशिवाय भाजी आणत नाही. आणि हे जोडाक्षरं जे मी लिहून राहिली ना, तेही तिनंच शिकवले. चौथीनंतर माझ्या हातात पाटी कोणी दिली होती?

तुझ्या महालक्ष्म्यांचे मुखवटे पत्र्याच्या पेटीत पडून होते. भावाच्या बायकोनं हात जोडले, म्हणाली, ताई, एवढं सोवळं माझ्यानं होत नाही. मीही काढत नव्हती, मले त्यांचे डोळे पाहवत नव्हते. हिनंच काढले एका वर्षी, चिंचेनं घासले, पत्र्याच्या कोठ्यांवर बसवून पाहिले, पुढं त्यायचे ते दोन लेकरं ठेवले, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दोघी बाया, पुढं दोन पोरं, माणसाचा पत्ता नाही. हे तर आपलंच घर आहे वो!" मी हसली नाही. मले तू आठवली. लहानपणी मी तुले विचारलं होतं, माय, या दोघींचे नवरे कुठी आहेत? तू हातातला झारा उगारला होता. "देवाले असं विचारते काय? जीभ झडेल!" आणि मग पदर तोंडाले लावून स्वतःच हसत बसली होती. म्हणजे तुलेही सुचलं होतं ते, कधीतरी.

लेकराचं तिच्या डोक्यात कधीपासून होतं, मले माहीत नाही. मले सांगतलं तेव्हा पक्कं करूनच सांगतलं. नागपूरले एक म्हातारी डॉक्टरीण आहे, माणसाशिवाय होते म्हणते. मी म्हटलं, तुझं डोकं फिरलं. ती म्हणाली, "फिरलं तर फिरलं. चाळिशीनंतर फिरून काय उपयोग?" भांडलो. एक आठवडा ती माझ्याशी हिंदीत बोलली, रागात असली की ती हिंदीत बोलते. मग मी तिकीट काढलं.

गाडीत आमी ठरवलं होतं काय सांगायचं. पण डॉक्टरणीनं चष्म्यावरून पाहून विचारलं, "ही कोण तुमची?" तर मी म्हटलं, माझी जाऊ, आणि त्याच दमात ती म्हणाली, बहीण. डॉक्टरीण म्हणाली, "असू शकतं. दोन बहिणी एकाच घरात दिलेल्या. मग ते दोघे भाऊ कुठे आहेत?" डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, "हे पहा बाई, मला नवऱ्याच्या नावाशी घेणं नाही. पण खोट्यावर औषध देता येत नाही मला. खरं काय ते सांगा." मग हिनं सांगतलं. सरळ सांगतलं, वर्गात मुलायले सांगते तसं. माझे कान तापले, मी दाराकडे पाहत होती, की आता ही हाकलते. डॉक्टरीण उठली, दाराची कडी लावली, परत बसली. "बाहेर बोलू नका, मी पण बोलणार नाही. वय चाललं आहे, उशीर नको," एवढंच म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, "घाबरते कोण दोघींत? तुम्ही ना?" मी म्हटलं, मी कशाले घाबरू. ती हसली.

मग गोळ्या, सुया, मशीननं पोट पाहणं, आणि डॉक्टरीण सांगेल त्या दिवशी नागपूर. कोण्या शिकणाऱ्या डॉक्टर पोराचं बीज असते म्हणे, नाव ना गाव. बारीक नळीनं आत सोडते, मग कमरेखाली उशी देऊन पडून राहायचं. मी तिचे पाय धरून उभी राहायची. कँटीनमध्ये मी सांगतलं होतं की मलेच गाठ झाली आहे, इलाज चालू आहे, म्हणजे तिच्या नावानं कोणी बोलणार नाही. कँटीनमधला म्हातारा भटारी रोज विचारे, "क्यों बाई, गाठ निकली?" मी म्हणायची, निकलेगी, तू दाल देख. पहिल्यांदा परत येताना गोंदियाच्या पुढं गाडीतच तिले समजलं की नाही झालं. संडासातून आली, खिडकीले डोकं टेकलं, आणि माझा हात पण धरला नाही, डबा भरलेला होता. दुसऱ्यांदा घरी. मी म्हटलं, आता बस. ती म्हणाली, एक बार और. तिसऱ्यांदा राहिलं. लघवी तपासली, राहिलं. ती नाचली नाही, रडली नाही. बालवाडीत गेली आणि त्या दिवशी, म्हणे, सगळ्या पोरायचे नाकं पुसले.

आणि मी? माय, मी कँटीनच्या मागे जाऊन ओकली. तिले काही झालं नाही आणि मले ओकारी. तेव्हापासून मले भेव लागून राहिलं. लोक विचारतील कोणाचं, तर आमी सांगणार की नवरा आला होता माफी मागायले, राहिला चार दिवस, परत गेला. भावाले ते पटणार नाही. शाळेत बापाचं नाव विचारतील. हे सगळं भेव आहे, पण हे दिवसाचं भेव आहे, त्याच्याशी मी भांडू शकते. दुसरं जे आहे ते तुझं आहे. ती जिन्यावर पाय ठेवते आणि मले तू ट्रकमध्ये दिसते.

म्हणून सकाळी मी तो कपडा घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेली. ती पुरण वाटत होती. तुझ्यासारखीच, एक गुडघा वर करून. मी ओरडली. काय ओरडली ते लिहीत नाही. तिनं पाट्यावरून हात काढला नाही. "कालपासून आहे," म्हणाली. "थोडंसंच आहे." मी म्हटलं, मले सांगतलं कावून नाही? तर म्हणाली, "सांगतलं असतं तर तू महालक्ष्म्यायले उभंच केलं नसतं. आणि यंदा मले पाहिजे होत्या. यंदा तर पाहिजेच होत्या." मग तिचा हात थांबला. "आणि तुझं तोंड असं झालं असतं. आता झालं आहे तसं." तेव्हा मले दिसलं, की तिचे ओठ पांढरे आहेत आणि ती पण भेऊन राहिली, माझ्यापेक्षा जास्त, फक्त ओरडत नाही.

मी तिले उचलली नाही, मले वाटलं उचललं तर सांडेल. धरून नेली, पलंगावर टाकली, पायाखाली दोन उशा दिल्या. चौकातल्या बूथवर जाऊन डॉक्टरणीले फोन लावला. तिनं शांतपणे विचारलं, रंग कसा आहे, पोट दुखते काय. म्हणाली, असे डाग कधी कधी पडतात, टिकतंही, जातंही, आत्ता सांगता येत नाही. झोपवून ठेवा, परवा आणा. लाल दिसलं, पोटात कळ आली, तर माझी वाट पाहू नका, तिथल्याच दवाखान्यात लगेच न्या. तिथल्याच, म्हणजे प्लांटच्या, जिथं नर्सपासून चौकीदारापर्यंत सगळे माझ्या हातचं जेवलेले आहेत. नेईन. मी तुले सांगून ठेवते, नेईन, आणि विचारलं कोण लागते तुझी, तर जे तोंडात येईल ते सांगीन.

मग मी तो कपडा धुतला, आणि त्याच हातानं पुरण वाटलं. अंघोळ केली नाही. ऐकलं काय? तिचं पाहायचं, हात धुवायचे, पोळी लाटायची, परत तिचं पाहायचं. नैवेद्य दाखवला तेव्हा त्यांच्याकडे नीट पाहून म्हटलं, जेवायचं तर जेवा. दुपारी शेजारची काकू हळदीकुंकवाले आली, सेक्टर दहामधली तिची बहीण पण सोबत. इकडंतिकडं पाहून म्हणते, "दोघीच कशा वो करता एवढं, घरात माणूस नाही काही नाही?" मी म्हटलं, "त्या पण दोघीच आहेत, काकू, त्यायले विचारा आधी." तिची बहीण फिसकन हसली. काकूनं आत डोकावून विचारलं, मास्तरीण झोपली कावून? मी म्हटलं, कंबर लचकली. काकू गेली. मी दार लावलं आणि परत तिचं पाहायले गेली.

आता ती झोपली आहे. मी तिच्या पायापाशी बसून लिहून राहिली. दर थोड्या वेळानं चादर वर करून पाहते. तपकिरीच आहे. हा कागद टपालात टाकायचा नाही, तुले कुठी पाठवू. पण मले तुझ्याशिवाय विचारायले कोणी नाही, कारण तू एकटीच त्या जागेवर बसून आली. मले एवढं सांग, तुले आधी समजलं होतं काय? पहिला डाग पाहिला तेव्हा आतून काही वाटलं असेल ना, की हे थांबेल, नाहीतर हे नाही थांबत. तसं हिचं आहे काय? हिलेही कोणी हे विचारणार नाही, आणि मी विचारलं तर ती म्हणेल, ठीक आहे. तूही तेच म्हणाली असती.

आणि एक गोष्ट. तिले लेकरू पाहिजे. मलेही पाहिजे, मी नावं पण शोधून ठेवले, तिले माहीत नाही. पण दोघांतलं एकच राहणार असं कोणी म्हटलं, तर मी विचार करायले पण थांबणार नाही. हे मी तिले कधी सांगू शकत नाही. तुले सांगते.

तुले फुलोरा आठवतो? महालक्ष्म्यांच्या डोक्यावर तू करंज्या अन् पापड्या दोऱ्यानं टांगायची, आणि जी आपोआप पडेल ती लेकरायची. मी खाली जबडा वासून बसायची. दरवर्षी माझ्यासमोर एक पडायची. मोठी झाल्यावर समजलं, की तू एका करंजीची गाठ मुद्दाम ढिली बांधायची. देवाच्या नावानं मले खाऊ घालायची.

उद्या संध्याकाळी अक्षता टाकून महालक्ष्म्यायले उठवायचं आहे, आणि परवा सकाळच्या गाडीनं नागपूर. स्वप्नात येऊ नको, मी झोपत नाही. कावळा, पाल, असलं काही पाठवू नको, मले ते समजत नाही. ती वाचणार असेल तर फुलोऱ्यातली एक करंजी पाड. उजवीकडची, लहान लेकराच्या डोक्यावरची. तिची गाठ मी ढिलीच बांधली आहे, माय. तुले फार जोर लावावा लागणार नाही. उद्या, अक्षता टाकायच्या आत.